कुंपणापाशी बंद पडणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा छोटीला खरं तर आनंदच झाला.

आता हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. परक्या गावात, नव्या कामाच्या दुसऱ्याच दिवशी, अर्धवट कापलेल्या हिरवळीवर यंत्र गप्प झालं तर माणसाच्या पोटात गोळा यायला हवा. पण छोटीने येताना हत्यारांची अशी पेटी भरली होती की विचारू नका. प्लग, पट्टे, फ्यूज, फिल्टर, जास्तीचं पातं, चाकात हवा भरायचा पंप आणि लहानमोठे झाडून सगळे पाने. पेटी उचलताना दादाची कंबर धरली होती. "अगं, बागेत चाललीयेस की ध्रुवावर?" असं तो कण्हत कण्हत म्हणाला होता. तेव्हा पेटी उघडायची संधी इतक्या लवकर आली म्हटल्यावर तिला हुरूप येणारच.

नाव छोटी, पण ती काही छोटी नव्हती. चांगली पंचविशी उलटली होती. दादा आधी जन्मला, ही नंतर, एवढ्यावरून घराने तिला छोटी करून टाकलं होतं. बाबांचा धंदा बागा राखायचा. गवत कापायचे बुटके ट्रॅक्टर – ज्यांच्या पोटाखाली पातं फिरतं आणि वर माणूस ऐटीत बसतो – ते घेऊन बाबा आयुष्यभर लोकांच्या हिरवळी कापत आले. छोटी चालायला शिकली ती ट्रॅक्टरचं चाक धरून. पण लांबचं काम एकटीने घेण्याची ही तिची पहिलीच वेळ. टेकडीवरची मोठी सार्वजनिक बाग, घरापासून दिवसभराच्या वाटेवर. एक महिना काम बघू, पटलं तर वर्षाचा करार करू, असं बागेच्या व्यवस्थापक बाईंनी सांगितलं होतं.

बाबांनी एकच अट घातली होती. "कुठे अडलीस तर हट्ट करायचा नाही. फोन करायचा. मी गाडी घेऊन येईन आणि तुला न् ट्रॅक्टरला घरी आणीन."

या वाक्यातलं छोटीला फक्त शेवटचं ऐकू आलं. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की वाट्टेल ते होवो, पण अडल्याचा फोन म्हणून करायचा नाही.

तर बंद पडला तो असा. बागेच्या कडेला झुडपांचं दाट कुंपण होतं आणि त्याच्या कडेकडेने ती गवत कापत चालली होती. कुंपणाच्या पलीकडे एक पांढरंशुभ्र छप्पर दिसत होतं, कोंबड्यांच्या खुराड्याला असतं तसं, फक्त जरा जास्तच टापटीप. तेवढ्यात एक हात वर आला, कसलंसं दार उघडलं आणि तो हात त्या खुराड्यात शिरून दिसेनासा झाला. आता असं काही दिसल्यावर कोण गप्प बसेल? छोटी जागेवरून जराशी उचलली गेली, मान लांब केली... आणि ट्रॅक्टर थांबला. आवाज नाही, धूर नाही, आचका नाही. बोलता बोलता माणूस एकदम गप्प व्हावा तसा.

ती घाईने खाली बसली. पातं थांबवायची दांडी ओढली, किल्ली काढून खिशात टाकली – किल्ली खिशात गेल्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही, ही बाबांची शिकवण – आणि बॉनेट उघडून आत डोकावली.

"बंद पडला?"

आवाज वरून आला. कुंपणाच्या वर एक डोकं उगवलं होतं. चष्मा, वाऱ्याने उडालेले केस आणि चेहऱ्यावर अशी उत्सुकता की जणू बॉनेटखाली आता पिसारा फुलणार आहे.

"नाही. दमलाय, म्हणून जरा टेकलाय," छोटी म्हणाली.

"पाणी देऊ का मग?"

"त्याला की मला?"

"जो आधी मागेल त्याला."

छोटीने ओठ दाबले. आल्या आल्या अनोळखी माणसाला हसून दाखवायचं तिला पटेना. तिने मान खाली घालून प्लग काढला, पुसला, फुंकला, परत बसवला. जागेवर बसून किल्ली फिरवली, तर ट्रॅक्टर लगेच सुरू!

"वा! काय झालं होतं?"

"प्लग काळा पडला होता," तिने ठोकून दिलं. प्लग कसला काळा, चांगला लख्ख होता. पण एवढी पेटी घेऊन फिरणाऱ्या बाईने 'मला माहीत नाही' म्हणायचं म्हणजे काय? तिने विषयच बदलला. "तुमच्या कोंबड्या किती आहेत?"

"कसल्या कोंबड्या?"

"त्या खुराड्यातल्या."

त्यावर तो जो हसत सुटला... आणि हसता हसता त्याचं डोकं एकदम कुंपणाखाली गेलं. पाठोपाठ धाडकन आवाज आला.

"अहो! लागलं का?"

"नाही..." खालून क्षीण आवाज आला. "स्टूल पडलं. मीपण पडलो, पण स्टुलावरच पडलो."

तेव्हा छोटीला कळलं की डोकं कुंपणावर आलं ते स्टुलाच्या कृपेने. मूळचा माणूस बेताच्या उंचीचा होता. मग मात्र तिला हसू आवरेना, आणि इंजिनच्या आवाजात ते खपूनही गेलं.

तो हवामान केंद्राचा निरीक्षक होता. केंद्र म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक छोटं अंगण आणि अंगणात पाऊस, वारा, ऊन यांचं मोजमाप करणारी उपकरणं. सगळा कारभार एकट्याचा. छोटी मनातल्या मनात त्याला खुराडेवाला म्हणू लागली.

दोन दिवसांनी ट्रॅक्टर पुन्हा थांबला. तिथेच, कुंपणापाशी.

या वेळी छोटीने पेट्रोलचा फिल्टर बदलला. त्याच्या पुढच्या वेळी टाकीचं झाकण तपासलं, कारण झाकणाचं भोक बुजलं की टाकीत हवा जात नाही आणि इंजिन गुदमरतं. भोक अगदी मोकळं होतं. मग पट्टा पाहिला, तारा पाहिल्या, फ्यूज बदलले. दर वेळी एकच तऱ्हा. खाली उतरून काहीतरी खुडबुड करायची, वर बसून किल्ली फिरवायची, की गडी तयार. बागेत इतरत्र, चढावर, उतारावर, तळ्याकाठच्या चिखलात तो एकदाही रुसला नाही. रुसायचा तो फक्त कुंपणापाशी.

"इथेच का?" छोटी स्वतःशी पुटपुटत राहायची. जेवताना, अंघोळ करताना, बागेच्या कोठीमागच्या तिच्या खोलीत अंथरुणावर पडल्यावरसुद्धा. हरायचा राग होताच, पण रागापेक्षा कुतूहल मोठं होतं.

खुराडेवाल्याला तर या कोड्याने पुरतंच धरलं. इंजिन थांबलं की तो कुंपणाच्या टोकाच्या फाटकातून धावत यायचा आणि पेटीशेजारी उकिडवा बसायचा.

"बाराचा पाना द्या."

"हा?"

"हा तेराचा."

"दिसायला सारखेच आहेत हो."

"तुमचे ढगसुद्धा मला सारखेच दिसतात. मी बोलते का काही?"

"एकदा बोला तर. ढगांवर मी तासभर बोलू शकतो."

"म्हणूनच बोलत नाही."

तो मनापासून हसायचा. हसताना चष्मा नाकावरून घसरायचा आणि ग्रीसच्या बोटांनी तो वर करायला गेला की नाकावर काळा ठिपका उमटायचा. त्याला ते कळायचं नाही, आणि छोटी सांगायची नाही. ठिपका घेऊन तो तसाच परत जायचा. तिला त्याचं फार बरं वाटायचं. का बरं वाटायचं, या प्रश्नाला मात्र तिने हात घातला नाही.

एका सकाळी पाऊस भुरभुरत होता. ओलं गवत कापायचं नसतं, म्हणून छोटीला सुट्टीच होती. ती सरळ फाटकातून पलीकडे गेली. "मला खुराडं बघायचंय," ती म्हणाली.

त्याने पांढरं दार उघडलं. झडपांच्या भिंतींमधून वारा आत-बाहेर करत होता. मधे दोन तापमापक शेजारी शेजारी उभे होते, आणि त्यातल्या एकाच्या टोकाला कापडाची पट्टी गुंडाळलेली होती.

"याला मोजा का घातलाय?"

"ओला मोजा आहे तो. पाणी सुकताना गारवा येतो, म्हणून हा शेजाऱ्यापेक्षा थोडा कमी दाखवतो. दोघांत फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी."

"आणि फरक नसला तर?"

"तर हवा पाण्याने भरलेली. म्हणजे आजच्यासारखी. बघा."

ती वाकली, तोही वाकला. दोघांची डोकी त्या छोट्याशा दारात मावायची तर ती एकमेकांना टेकल्यातच जमा होती. बाहेर छपरावर थेंब टपटपत होते. आत ओल्या लाकडाचा वास, आणि त्याच्या शर्टाला साबणाचा.

"श्वास रोखून धरा," तो हळूच म्हणाला.

"का?"

"माणसाच्या उबेने आकडा बदलतो. फार वेळ जवळ राहायचं नाही. पटकन बघायचं, दार लावायचं."

छोटीने श्वास रोखला. दोन्ही आकडे कधीच वाचून झाले होते, तरी ती बघतच राहिली. तोही दार लावायचं विसरला होता...

"चढला," ती पुटपुटली.

"हं," तो म्हणाला, आणि घाईघाईने दार लावताना स्वतःचाच अंगठा चेमटवून घेतला.

त्या दिवसापासून छोटीचं काम बिनसलं. म्हणजे गवत ती नीटच कापायची, पण कुंपणाच्या बाजूला वळलं की छातीत धडधड सुरू व्हायची. ट्रॅक्टर थांबेल या धास्तीने की थांबणार नाही या धास्तीने, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

हे सगळं गोड चाललेलं असताना बाईंनी बोलावलं. बाई शांत स्वभावाच्या. आवाज चढवायच्या नाहीत, आणि म्हणूनच सगळे त्यांना टरकून असत.

"तुझं काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "कडा सरळ, तळ्याकाठी एक पान तुटलेलं नाही. पण माझ्या खिडकीतून मला जेव्हा बघावं तेव्हा ट्रॅक्टर कुंपणापाशी बंद, आणि तू त्याच्या पोटात. उन्हाळ्यात इथे रोज कापणी लागते. अशा यंत्राच्या भरवशावर मी वर्षाचं काम कसं देऊ?"

"सापडेल मला ते, बाई. मी शोधतेय."

"शनिवारपर्यंत शोध. नाही सापडलं तर बाबांना बोलावून ट्रॅक्टर घेऊन जा. राग मानू नकोस."

राग कसला मानणार? बाईंचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. छोटी तिथून निघाली ती थेट कोठीत जाऊन पेटीवर बसली आणि मग तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. काम जाणार याचं वाईट वाटत होतंच. बाबा येणार, काही न बोलता ट्रॅक्टर गाडीवर चढवणार, आणि त्यांचं ते न बोलणं सगळ्यात जास्त लागणार, हेही दिसत होतं. पण खरी कळ निराळीच होती. ती गेल्यावर खुराडेवाला सकाळी कुणाला तेराचा पाना देणार? त्याच्या नाकावर ठिपका कोण ठेवणार? तिला तो आवडत होता. चांगला, घरी सांगता येणार नाही इतका आवडत होता. हे कळायला नेमकी जायची वेळ यावी लागली.

त्याला तिने बाईंचं बोलणं तेवढं सांगितलं, बाकीचं गिळून टाकलं. तो बराच वेळ हातातली पक्कड उघड-मीट करत बसला.

"बाबांना फोन करा ना," शेवटी तो म्हणाला.

"फोन केला की ते न्यायला येणार."

"विचारलं म्हणजे 'या' म्हटलं, असं थोडंच आहे? ट्रॅक्टर त्यांनी इतकी वर्षं चालवलाय. एखादी गोष्ट असेल, जी पेटीत नसेल पण त्यांना ठाऊक असेल."

"तुम्हाला काय घाई आहे मला घालवायची?"

"मला?" त्याने पक्कड खाली ठेवली. "मी तर दुसरंच काहीतरी वाचवायला बघतोय."

"काय?"

पण तो उठला, आणि आकडे कळवायचे राहिलेत असं काहीतरी पुटपुटत फाटकातून निघून गेला.

शनिवारी सकाळी ऊन पडलं होतं. छोटी देवाचं नाव घेऊन जागेवर बसली. बागेच्या तिन्ही बाजू झाल्या, ट्रॅक्टर अगदी गुणी मुलासारखा चालला. कुंपण आलं. पलीकडे पांढरं दार उघडल्याचा आवाज झाला. आज बहुतेक शेवटचंच, असं मनात आलं आणि तिला राहवेना. पाय ताठ करून तिने एकदा, एकदाच पलीकडे पाहिलं.

ट्रॅक्टर थांबला.

लांब कचेरीच्या खिडकीत बाई उभ्या दिसत होत्या. खुराडेवाला धावत आला. छोटीने बॉनेट उघडलं, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे करून घेतले, आणि मग तिचं अवसान गळालं.

"खिशातून माझा फोन काढा," ती म्हणाली. "बाबांना लावा. आवाज मोठा ठेवा, माझे हात भरलेत."

त्याने फोन लावून तिच्या तोंडासमोर धरला.

"काय गं?" बाबांचा आवाज आला. "सकाळी सकाळी? सगळं ठीक ना?"

"बाबा, ट्रॅक्टर बंद पडतोय."

बाबा रागावले नाहीत. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. प्लग? फिल्टर? झाकण? तारा? छोटी 'बघितलं, बघितलं' म्हणत राहिली.

"थांबतो कुठे?"

"एकाच जागी. कुंपणापाशी."

"चढ आहे? खड्डा आहे?"

"काही नाही. सपाट आहे."

"मग तिथे तू काय वेगळं करतेस?"

"मी काय करणार? चालवते."

"बसून?"

छोटी काहीतरी बोलायला गेली आणि थबकली. "म्हणजे?"

बाबांनी घसा साफ केला. फोनवरूनसुद्धा ते ओशाळल्याचं कळत होतं. "त्याचं असं आहे... सीटच्या खाली एक बटण असतं. पातं फिरत असताना माणूस सीटवरून उठला, तर इंजिन बंद. पडलाबिडला तर पात्याखाली येऊ नये म्हणून. आता मला कामात शंभरदा उठायची सवय. ट्रॅक्टर घेतला तेव्हाच मी त्या तारा एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. बटण मेलेलंच होतं. तुम्ही पोरांनी ते चालू असलेलं कधी पाहिलंच नाही."

"मग?"

"मग तू एकटी एवढ्या लांब निघालीस. रात्री मला झोप लागेना. निघायच्या आधी मी तारा सोडवून पुन्हा होत्या तशा लावल्या. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, बाबा उगाच काळजी करतात. म्हणून बोललो नाही."

छोटीचे डोळे भरून आले. इतकी मोठी पेटी तिने भरली होती, आणि बाबांनी त्यांच्यापरीने आपली तयारी न सांगता सीटखाली ठेवून दिली होती. तिला पडू न देण्याची.

"बाबा..."

"ते राहू दे. पण मला एक कळत नाही," बाबांमधला मेकॅनिक परत जागा झाला. "सपाट जागा आहे म्हणतेस. मग तिथे तू उठतेस कशाला?"

फोन धरलेला हात तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता, आणि तो हात कुणाचा होता हे सांगायला नको.

"अगं, बोल की. कुंपणापलीकडे काय आहे?"

"हवामान केंद्र."

"त्यात रोज उठून बघण्यासारखं काय असतं?"

आता खोटं बोलायचं तर प्लग काळा पडला म्हणून भागणार नव्हतं. छोटीने वर पाहिलं. खुराडेवाल्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या, पण नजर त्याने हलवली नव्हती.

"एक माणूस आहे," ती म्हणाली.

पलीकडे बाबांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ते बसले असावेत. "आणि तो उठल्याशिवाय दिसत नाही?"

"उंचीला जरा कमी आहे, बाबा."

"बाकी कसा आहे?"

"बाकी... बाकी काही कमी नाही."

मग बाबा हळूच म्हणाले, "न्यायला येऊ का तुला?"

"नको." हे मात्र तिने पटकन आणि ठामपणे सांगितलं. "बाबा, मला इथेच राहायचंय. कामासाठीपण, आणि... मला राहायचंय."

"बरं. मग रविवारी नुसताच येतो," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

खुराडेवाला फोन तसाच हवेत धरून उभा होता.

"मला वाटायचं, ट्रॅक्टर बंद पडतो म्हणून तुम्ही उठता," तो म्हणाला. "वर येणारं डोकं तेवढं दिसायचं मला."

"उठते म्हणून बंद पडतो," छोटी काळ्या हातांकडे बघत म्हणाली. "आता हसा हवं तेवढं."

"हसतोय कसला? आकडे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा घ्यायचे असतात. एवढंच माझं काम."

"पण तुम्ही तर मी या बाजूला आले की दर वेळी..."

"इंजिन जवळ आलं की दार उघडतो. आत काही बघत नाही. आत बघायला होतं काय? तुम्ही बाहेर होतात." त्याने फोन अलगद तिच्या खिशात ठेवला. "मला तुम्ही फार आवडता. त्या दिवशी वाचवायला बघत होतो म्हणालो ना, ते हेच. पण तुम्ही जाणार म्हटल्यावर बोलायचा धीर झाला नाही."

छोटीने त्याचा घसरलेला चष्मा काळ्या बोटाने वर सरकवला. नाकावर ठिपका उमटला. या वेळी त्याला तो कळला, आणि त्याने तो पुसला नाही.

बाईंना मात्र तोंडाने उत्तर द्यायलाच हवं होतं. छोटी कचेरीत गेली आणि तिने खरं ते सांगून टाकलं. बटणाचं, तारांचं, उठण्याचं, सगळं. सांगताना कान तापले, पण थांबली नाही. खोटं कारण सांगून करार मिळवला असता, तर रोज त्या खिडकीखालून ट्रॅक्टर नेताना तिची मान वर झाली नसती.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे यंत्र ठीक आहे?"

"अगदी ठीक आहे."

"आणि तू?"

"मी... नाही, बाई."

"ते माझ्या करारात येत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकीतून बाहेर नजर टाकली. त्यांचा गाल किंचित हलल्यासारखा वाटला, पण छोटीला खात्री नव्हती. "सोमवारपासून वर्षाचं काम धर. आणि ते कुंपण वाढलंय फार. पलीकडच्यांना सांग, त्यांच्या बाजूने छाटायचं त्यांनी बघावं. तुला हवं तेवढं."

निरोप पोचायला वेळ लागला नाही. दुपारी छोटी राहिलेली पट्टी कापायला वळली, तर कुंपणातून कात्रीचा कचकच आवाज येत होता आणि स्टुलावर उभा राहून तो फांद्यांशी झुंजत होता. केसांत पानं अडकली होती. ट्रॅक्टर हळू करून ती त्याच्यासमोर आली. जागेवर गच्च बसून.

"किती खाली घेऊ?" इंजिनच्या आवाजावर तो ओरडला.

"मला बसून दिसायला हवं!"

"काय?"

"खुराडं!"

त्याने भराभर छाटलं. "दिसलं?"

"दिसलं! अजून खाली घे!"

"आता काय राहिलं?"

"तू!"

तो स्टुलावरून खाली उतरला. काही वेळ नुसतीच पानं हलत राहिली, कात्री वाजत राहिली, मग फांद्यांच्या मधून कपाळ दिसलं, चष्मा दिसला, घामाने ओलं झालेलं नाक दिसलं. ती होती तिथे बसून होती, इंजिन सुरू होतं, आणि तिच्यासमोर तो अख्खा उभा होता. बेताच्या उंचीचा, पानांनी भरलेला, दम लागलेला.

"बाबा उद्या येतायत ना?" त्याने विचारलं.

"हो!"

"ट्रॅक्टर बघायला?"

"ट्रॅक्टर पाहिलाय त्यांनी!"

हे ती इतक्या मोठ्याने ओरडली की तळ्याकाठी उभ्या असलेल्या बाईंनीसुद्धा मान वळवून पाहिलं. छोटीने मात्र मान खाली घातली नाही.